दुसऱ्या साष्टीचा पाद्री

साकीनाक्याच्या शाखेत मी १९८७ साली बदलून आलो. त्या वेळी तिथे मेट्रो नव्हती, काचेच्या इमारती नव्हत्या. अंधेरी-कुर्ला रस्त्याच्या दोन्ही अंगांना लेथ मशीनचे गाळे होते, पॉवर प्रेसची धडधड होती आणि पावसाळ्यात गुडघाभर पाणी होते. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मरोळ गावठाणातून एक वृद्ध बाई पेन्शन घ्यायला येत. अंगावर लुगडे, गळ्यात क्रूस, पासबुकावर पोर्तुगीज आडनाव. काउंटरवरचा नवा कारकून ते आडनाव वाचून त्यांच्याशी इंग्रजीत सुरू होई आणि बाई शांतपणे मराठीत उत्तर देत. ती मराठी ऐकून मी केबिनमधून मान वर करीत असे, कारण तिच्या क्रियापदांची वळणे माझ्या अलिबागकडच्या आजीची होती.

एकदा मी त्यांना विचारले की, एवढी जुनी मराठी तुम्ही कुठे शिकलात? बाईंना प्रश्नच कळला नाही. शिकायची काय, ती घरातच होती.

त्याच सुमारास एका खातेदाराच्या मालाची तपासणी करायला मी सीप्झमध्ये गेलो. कॅश क्रेडिटच्या खात्यात दर तीन महिन्यांनी हे सोपस्कार करावे लागत. परत येताना आवारातच झाडीत बुडालेली एक उंच भिंत दिसली. कमानी शाबूत, छप्पर नाही, मुळ्यांनी दगड आवळून धरलेले. चौकशी केली तेव्हा समजले की, ते सेंट जॉन बाप्टिस्टचे चर्च, जेझुइट पाद्र्यांनी १५७९ साली बांधलेले. १८४०च्या सुमारास साथीच्या रोगाने गाव उठले, माणसे मरोळला गेली, तिथे नवे चर्च उभे राहिले आणि हे मागे राहिले. पुढे १९७३मध्ये निर्यातीची वसाहत आली आणि चर्च कुंपणाच्या आत गेले.

१५७९ हा आकडा माझ्या डोक्यात बसला तो दुसऱ्याच कारणाने. कॉलेजात मराठीच्या पेपराला फादर स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ दहा मार्कांपुरते वाचले होते आणि ते गृहस्थ भारतात उतरले ते साल १५७९ हेच होते. शिवाय त्यांनी सारे आयुष्य साष्टीत काढले, हेही पाठ होते. साकीनाका, मरोळ, अंधेरी हे सगळे साष्टी बेटावरच. मी दोनात दोन मिळवले. पुढची दोन-तीन वर्षे शाखेत आलेल्या प्रत्येक पाहुण्याला मी मोठ्या अभिमानाने सांगत असे की, मराठीतले पहिले ख्रिस्ती महाकाव्य आपल्या या परिसरात लिहिले गेले. अखेर मडगावहून बदलून आलेल्या एका सहकाऱ्याने मला बाजूला घेऊन सांगितले की, साहेब, ती साष्टी आमची. गोव्याची. तुमची नव्हे.

साष्ट्या दोन आहेत. दोन्ही नावे सहासष्ट गावांवरून पडली. दोन्ही पोर्तुगीजांच्या ताब्यात गेल्या, मुंबईची १५३४ साली गुजरातच्या सुलतानाकडून आणि गोव्याची १५४३मध्ये आदिलशाहीकडून. दोन्हीकडे देवळांच्या जागी चर्चे उठली. इकडे बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यातल्या शिवाच्या देवळाचे आंतोनिओ द पोर्तो या फ्रान्सिस्कन पाद्र्याने चर्च केले आणि वर मठ उभारला. तिकडे काय झाले ते पुढे येईलच. माझी फजिती झाली खरी. पण त्या चुकीने मला जे वाचायला लावले ते पुढे तीस वर्षे पुरले.

टॉमस स्टीफन्सचा जन्म १५४९च्या सुमाराचा, इंग्लंडात विल्टशायरमधल्या बुश्टन या खेड्यातला. बाप लंडनमध्ये व्यापारी. देश नुकताच रोमच्या धर्मसत्तेपासून तुटलेला; एलिझाबेथ राणीच्या राज्यात कॅथलिक असणे धोक्याचे आणि कॅथलिक पाद्री असणे जिवावरचे. टॉमसचा एक श्रीमंत मित्र होता, टॉमस पाउंड. दरबारात वावरलेला, पुढे विरक्त झालेला. दोघांनी रोमला जाऊन जेझुइट संघात शिरायचे ठरवले होते. निघण्याआधीच पाउंड पकडला गेला आणि त्याच्या आयुष्याची जवळजवळ तीस वर्षे निरनिराळ्या तुरुंगांत गेली. टॉमस एकटा निसटला आणि २० ऑक्टोबर १५७५ रोजी रोममध्ये संघात दाखल झाला. तिथे बसून त्याने तुरुंगातल्या मित्रालाही संघात घ्यावे म्हणून वरिष्ठांकडे रदबदली केली आणि ती मान्यही झाली. स्वतःच्या देशात ज्याचा धर्म गुन्हा ठरला होता, तो हा माणूस. पुढची हकिगत वाचताना हे ध्यानात असू द्यावे, कारण मला ते विसरता आलेले नाही.

पूर्वेकडे जायचे तर रस्ता एकच होता, लिस्बनचा. पोपने पूर्वेकडच्या धर्मकार्याचा मक्ता पोर्तुगालच्या राजाला दिलेला होता. बिशप राजाने सुचवायचे, जहाज राजाचे, पाद्र्यांचा खर्चही राजाच्या तिजोरीतून. म्हणून इटालियन, स्पॅनिश, इंग्रज, फ्रेंच, कोणीही असो, गोव्याला यायचा तो पोर्तुगालच्या झेंड्याखालीच. हा पैशाचा मार्ग एकदा समजला की मिशनऱ्यांचे बरेचसे कोडे सुटते. बँकेत आम्ही कर्जदाराचा चेहरा पाहण्याआधी पैसा कुठून येतो ते पाहत असू.

४ एप्रिल १५७९ रोजी पाच जहाजे लिस्बनहून निघाली आणि २४ ऑक्टोबरला गोव्याला लागली. पोहोचल्यावर अडीच आठवड्यांनी टॉमसने वडिलांना सविस्तर पत्र लिहिले. ते दहा वर्षांनी हॅक्लुइटने आपल्या प्रवासवर्णनांच्या संग्रहात छापले. भारतात राहून लिहिणारा हा पहिला इंग्रज असे मानतात, आणि त्याच्या पत्रात धर्मापेक्षा समुद्र जास्त आहे. वारे, माशांच्या झुंडी, हिरड्या सुजवून माणूस मारणारा तो खलाशांचा रोग. जहाजावर दीडशेहून अधिक माणसे आजारी पडली आणि सत्तावीस मेली. ही हानी त्या काळच्या मानाने थोडी समजली गेली, असे तो नोंदवतो. गोव्यात उतरल्यावर त्याला सर्वांत नवल वाटले ते नारळाच्या झाडाचे. तेल, ताडी, गूळ, शिर्का, दोर, केरसुणी, पडाव, सगळे एका झाडातून निघते याची त्याने व्यापाऱ्याच्या मुलाला शोभेल अशी यादी दिली आहे.

गोव्यात त्याला धर्मगुरूपदाची दीक्षा मिळाली. तेव्हा यापुढे फादर म्हणून अहोजाहो करायला हवे. त्यांची नेमणूक झाली साष्टीत आणि मृत्यूपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षे, मुख्यतः ते तिथेच राहिले.

ही नेमणूक समजून घेण्यासारखी आहे. पोर्तुगीजांनी जिंकलेले तालुके संघांना वाटून दिले होते. बारदेश फ्रान्सिस्कनांकडे, साष्टी जेझुइटांकडे. जेझुइट साष्टीत १५६०मध्ये आले. १५६७ साली रायतूरच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या राशोलच्या, किल्लेदाराने साष्टीतली अडीचशेहून अधिक देवळे पाडली वा जाळली. आज आपण दर्शनाला जातो ती मंगेशी मूळची कुठ्ठाळीची, कवळ्याची शांतादुर्गा केळशीची. भक्तांनी आपले देव उचलून नदीपलीकडे, पोर्तुगीजांची सत्ता नव्हती त्या भागात नेले. देवळांच्या जमिनींचे उत्पन्न चर्चांकडे आणि जेझुइटांच्या कॉलेजाकडे वळवले गेले. बाप मेलेल्या हिंदू मुलांना ताब्यात घेऊन बाप्तिस्मा देण्याचा हुकूम १५५९चाच होता. आणि १५६०पासून गोव्यात इन्क्विझिशनचे न्यायासन बसले होते.

गावाची जुनी चौकट मात्र त्यांनी मोडली नाही. गावकरी तशीच राहिली. गावकर पूर्वी देवळाचे मानकरी होते ते आता चर्चच्या मंडळाचे मानकरी झाले. जत्रेऐवजी फेस्त आले. जात गेली नाही, चर्चच्या मंडळांतही ब्राह्मण निराळे आणि चारडे निराळे राहिले. पाद्री चर्चला लागून राहात, रविवारी मुलांना प्रश्नोत्तरे पाठ करून घेत, भांडणे मिटवीत, आजाऱ्याकडे जात. आमच्या शाखेतल्या जुन्या अधिकाऱ्यांना गावातली सगळी घरे ठाऊक असत, तसे पाद्र्यालाही असत. फरक इतकाच की, पाद्र्याच्या पाठीशी किल्ला होता.

या किल्ल्याची किंमत १५८३च्या जुलैत वसूल झाली. कुंकळ्ळीच्या लोकांनी कर नाकारला होता, पाडलेली देवळे पुन्हा बांधली होती. दोन-तीन स्वाऱ्यांत पोर्तुगीजांनी ती पुन्हा उद्ध्वस्त केली होती आणि त्या स्वाऱ्यांबरोबर पाद्रीही होते. अशा गावात चर्चसाठी जागा पाहायला पाच जेझुइट गेले. त्यांचा प्रमुख होता रोदोल्फो आक्वाव्हिवा, अकबराच्या दरबारातून त्याच वर्षी परतलेला. बादशहासमोर वाद घालून सुखरूप आलेला हा माणूस कुंकळ्ळीत मारला गेला. पाचही पाद्री आणि त्यांच्याबरोबरची काही माणसे ठार झाली. प्रेते राशोलला आणून पुरण्यात फादर स्टीफन्स यांचा भाग होता. त्यानंतर पोर्तुगीजांनी कुंकळ्ळीच्या गावकरांना बोलणी करायला म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावले आणि तिथे त्यांना मारले. एक जण नदीत उडी टाकून वाचला असे सांगतात. गावांच्या जमिनी जप्त झाल्या आणि पुढे फिरत फिरत जेझुइटांकडेच आल्या. मारले गेलेले पाच पाद्री १८९३मध्ये ‘धन्य’ म्हणून घोषित झाले. गावकरांचे स्मारक कुंकळ्ळीत उभे राहायला स्वतंत्र भारत यावा लागला.

तीन महिन्यांनी फादर स्टीफन्स यांनी पॅरिसमधल्या भावाला लॅटिनमध्ये पत्र लिहिले. त्यात कुंकळ्ळीची हकिगत आहे, आणि त्याच पत्रात त्यांनी लिहून ठेवले आहे की, इथल्या भाषा पुष्कळ आहेत, कानाला वाईट लागत नाहीत आणि त्यांची घडण ग्रीक व लॅटिनशी जुळते. कलकत्त्यात सर विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भगिनी असल्याचे जाहीर केले ते १७८६ साली, म्हणजे दोनशे तीन वर्षांनी. मी हे पहिल्यांदा वाचले तेव्हा थांबलो. सहकाऱ्यांची प्रेते पुरून तीन महिने झालेत, आणि हा माणूस मारेकऱ्यांच्या भाषेचे व्याकरण कौतुकाने न्याहाळतो आहे.

त्याच वर्षाअखेरीस एक गमतीचा प्रसंग घडला. होर्मुझला पकडलेले चार इंग्रज कैदी गोव्यात आणले गेले. त्यांत राल्फ फिच आणि जॉन न्यूबेरी हे व्यापारी होते. हेरगिरीचा आरोप, वर प्रॉटेस्टंट. ज्या राज्याने आपल्या मित्राला कोठडीत टाकले त्या राज्याच्या या माणसांसाठी फादर स्टीफन्स यांनी खटपट केली आणि एका नागरिकाच्या जामिनावर त्यांना सोडवले. एप्रिल १५८४मध्ये दोघे व्यापारी आणि त्यांचा एक जवाहिऱ्या जामीन बुडवून पळाले! जामीनदाराचे पुढे काय झाले हे कुणी लिहीत नाही. कधीच लिहीत नाहीत. फिच १५९१मध्ये लंडनला पोहोचला. त्याने जे पाहिले-सांगितले ते ईस्ट इंडिया कंपनी काढणाऱ्यांच्या कामी आले.

आता पुराणाकडे येऊ. पाद्र्यांनी गावांतून हिंदूंच्या पोथ्या गोळा केल्या होत्या. काही जाळल्या, काही अभ्यासाला ठेवल्या. रोमन लिपीत उतरवून घेतलेल्या रामायण-महाभारताच्या कथा आणि कृष्णदास शामाचे काव्य पोर्तुगालमध्ये ब्रागाच्या ग्रंथालयात आजही आहे. साष्टीचे लोक घरात कोंकणी बोलत, पण पुराण ऐकायचे ते मराठीत. ‘ख्रिस्तपुराणा’च्या आरंभी फादर स्टीफन्स यांनी एक प्रसंग घातला आहे. रविवारी चर्चमध्ये प्रश्नोत्तरे चालली असता एक ब्राह्मण ख्रिस्ती उठून म्हणतो की, शिकवता ते ठीक, पण आमची पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केलीत, त्यांच्या जागी आम्हांला वाचायला काही द्या.

हा ब्राह्मण खरोखर होता की कवीने उभा केला, याने मला फरक पडत नाही. स्वतःच्या संघाविरुद्धची तक्रार या पाद्र्याने स्वतःच्या ग्रंथाच्या पहिल्याच पानांत नोंदवून ठेवली आणि पुढचा सारा ग्रंथ तिचे उत्तर म्हणून लिहिला. तो ग्रंथ १०,९६२ ओव्यांचा झाला. पहिल्या पुराणात जगाच्या उत्पत्तीपासूनची जुन्या कराराची कथा, छत्तीस प्रसंगांत; दुसऱ्यात येशूचे चरित्र, एकोणसाठ प्रसंगांत. ओवी एकनाथांसारखी, चार चरणांची. एकनाथ त्यांचे समकालीन, १५९९ साली गेले. पैठणात नाथ भागवत सांगत होते त्याच काळात हा विल्टशायरचा माणूस रायतूरच्या किल्ल्याजवळ मराठी ओव्यांचा कान कमावत होता. स्वर्गाला त्यांनी वैकुंठ म्हटले, मोक्ष, गुरू, भक्त हे शब्द घेतले. मराठी भाषेची थोरवी सांगणाऱ्या त्यांच्या ओव्या तर शाळेच्या पुस्तकांतून सर्वांना पाठ आहेत. त्या इथे लिहीत नाही.

एक मात्र स्पष्ट सांगायला हवे. जुन्या देवांना त्यांनी कुठेही सवलत दिलेली नाही. साहित्याच्या सभांतून फादर स्टीफन्स यांना सर्वधर्मसमभावाचे आद्य पुरस्कर्ते म्हणण्याची एक पद्धत पडली आहे. ती सोयीची असली तरी खोटी आहे. ते आपल्या काळाचे जेझुइट होते. देवळे पडली याचे त्यांना दुःख झाल्याचे मला कुठे आढळलेले नाही. त्यांच्याच संघाचा रोबेर्तो द नोबिली १६०६पासून मदुरेत भगवी वस्त्रे नेसून संन्याशासारखा राहिला, पण मदुरेत पोर्तुगीजांची सत्ता नव्हती. तिथे पटवूनच घ्यावे लागे. साष्टीत पटवण्याची गरज नसताना या माणसाने भाषा शिकण्याचे कष्ट घेतले. ही जमेची नोंद आहे. नावेची नोंदही त्याच पानावर आहे, आणि खतावणी लिहिण्यात आयुष्य गेलेला मी या दोन रकमांची वजाबाकी करायला धजत नाही.

छपाईची कथा निराळीच. गोव्यात छापखाना १५५६मध्ये आला होता. फादर स्टीफन्स यांची इच्छा होती की, पुस्तक इथल्याच लिपीत छापावे. १६०८ साली त्यांनी रोमच्या प्रमुखांना पत्र लिहून ही इच्छा मांडली आणि अडचणही सांगितली. युरोपात चोवीस अक्षरांत काम भागते, इथे जोडाक्षरे धरून साचे पडतात सुमारे सहाशे. शिवाय वरिष्ठांची आज्ञा हवी. ती लिपी काही छापली गेली नाही. १६१६ साली ‘ख्रिस्तपुराण’ रायतूरला छापून निघाले ते रोमन लिपीत. मराठीतला हा पहिला मोठा छापील ग्रंथ मराठी अक्षरांत नव्हता. ते छापलेले तीन वर्षांनी पाहून, १६१९मध्ये, फादर स्टीफन्स गेले. त्यांची कोंकणी प्रश्नोत्तरी १६२२मध्ये निघाली आणि कोंकणीचे व्याकरण १६४०मध्ये. भारतीय भाषेचे छापलेले पहिले व्याकरण म्हणून त्याचा मान आहे.

त्यांच्या हयातीत, १६०६च्या गोव्याच्या धर्मपरिषदेने स्थानिक भाषा न येणाऱ्याला गावचे पाद्रीपद देऊ नये असे ठरवले होते. सत्तर-ऐंशी वर्षांत वारे फिरले. १६८४ साली व्हाइसरॉयने हुकूम काढला की, तीन वर्षांत लोकांनी आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावे. नवे पाद्री भाषा शिकायला कंटाळले होते, हे त्यामागचे एक कारण. पुराणाच्या १६४९ आणि १६५४च्या आवृत्त्या निघाल्या होत्या. तीनही छापील आवृत्त्यांची एक प्रतही आज कुठे उपलब्ध नाही. पण गोव्यातून मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी हाताने उतरवलेल्या प्रती बरोबर नेल्या आणि पिढ्यान्पिढ्या गाऊन जपल्या. त्यांच्याच आधारे १९०७ साली मंगळूरला जे. एल. साल्ढाणा यांनी ग्रंथ पुन्हा छापला. नंतर डॉ. जस्टिन अॅबट यांना देवनागरीतले एक हस्तलिखित सापडले, तेही लंडनमध्ये. देवनागरीत छापील ‘ख्रिस्तपुराण’ मराठी वाचकाच्या हाती आले ते १९५६मध्ये, शांताराम बंडेलू यांच्या संपादनाने. सहाशे साच्यांचे स्वप्न फळायला साडेतीनशे वर्षे लागली.

निवृत्तीनंतर एकदा हा ग्रंथ घेऊन मी मरोळ गावठाणात गेलो. पेन्शनवाल्या बाई केव्हाच गेल्या होत्या. त्यांच्या सूनबाई भेटल्या, त्याही आता सत्तरीच्या. ओटीवर बसून मी त्यांना काही ओव्या वाचून दाखवल्या. त्यांनी मन लावून ऐकल्या, मग म्हणाल्या की, छान आहे, पण हे आमचे पुराण नव्हे. त्यांच्या सासूबाई उपासाच्या चाळीस दिवसांत म्हणायच्या ते वेगळे. पुन्हा माझी साष्टी चुकली होती! मुंबईकडच्या मराठीत फ्रान्सिस्को वाझ द गिमाराइश यांनी येशूच्या दुःखभोगाचे एक पुराण रचले होते, १६५९ सालचे. इकडच्या ख्रिस्ती घरांतून ते म्हटले जाई, ते वाचून मला ठाऊक होते. बहुधा तेच असावे, असे मी म्हटले. नाव त्यांना माहीत नव्हते. पुस्तक होते एवढे आठवत होते, लाल बांधणीचे. ट्रंकेत नाही म्हणाल्या. कुर्ल्याच्या नणंदेकडे असेल, तिला विचारून ठेवते.